गंज परत का फुटतो? जुन्या पिकअपच्या केबिनचं पत्राकाम

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. "खालचा पत्रा सडला होता म्हणून गाडी गॅरेजात दिली. त्यांनी घासलं, लांबी भरली, रंग मारला. गाडी नवी दिसायला लागली. पण दोन पावसाळे गेले आणि नेमक्या त्याच जागी रंगाला फोड आले. असं का होतं?" कुणाला वाटतं रंग हलका वापरला, कुणाला वाटतं कारागिराने हात मारला. बहुतेक वेळा या दोन्ही शंका खोट्या असतात. गंज आपल्याला दिसतो तो बाहेरच्या अंगाला, पण त्याची सुरुवात कितीतरी आधी आतल्या अंगाला झालेली असते. दुरुस्ती होते ती मात्र बाहेरून. पुट्टीच्या मागे गंजाचं काम बिनबोभाट चालूच राहतं.

हे नीट समजून घ्यायला आपण एक ठरावीक गाडी घेऊ आणि तिची केबिन खालपासून दुरुस्त करू.

१. हीच गाडी का?

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत शेव्हरोलेने नव्याने आखलेले ट्रक जून १९४७ मध्ये बाजारात आणले. 'ॲडव्हान्स डिझाइन' या नावाने ओळखली जाणारी ही मालिका १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. त्यातल्या अर्ध्या टनाच्या पिकअपला ३१०० हा क्रमांक होता, पाऊण टनाच्या गाडीला ३६०० आणि एक टनाच्या गाडीला ३८००. गोलसर केबिन आणि तिघांना शेजारी शेजारी बसता येईल अशी रुंद सीट ही तिची ओळख. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी लोकांची ती फार लाडकी आहे. म्हणूनच तिच्या केबिनचे खालचे जवळजवळ सगळे पत्रे आजही नवे बनवून विकले जातात.

आपल्याकडेही शेव्हरोले हे नाव परकं नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जात. त्या पिढीतल्या सगळ्याच केबिनांची बांधणी साधारण एकाच पद्धतीची होती. पत्रा साच्यात दाबून आकार द्यायचा, दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवायच्या आणि ठिपक्याठिपक्याने वेल्ड करायच्या. त्यामुळे शेव्हरोलेबद्दल जे पुढे येईल, ते कोकणातल्या एखाद्या अंगणात उभ्या असलेल्या फार्गोला किंवा जुन्या जीपलाही लागू पडतं.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी पत्र्यावर जस्ताचा थर नसे. संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात प्रायमर पोचवण्याची पद्धत फोर्डने १९६० च्या दशकात आणली, आणि जस्त चढवलेल्या पत्र्याच्या बॉड्या सर्रास दिसू लागल्या त्या १९८० च्या दशकात. १९४७ च्या केबिनमध्ये दोन पत्र्यांच्या मधल्या बंद पोकळीतलं लोखंड जवळपास उघडंच राहिलेलं असतं.

२. पाण्याचा एक थेंब

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यातून तयार होणारं ऑक्साइड, हे आपण शाळेत शिकलो. केबिन समजून घ्यायला एवढं पुरत नाही. गंज सगळीकडे सारखा का धरत नाही, जोडातच आणि कोपऱ्यातच का धरतो, हे कळायला हवं.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात याचं उत्तर एका थेंबात दाखवून दिलं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा लगेच पोचते, मधोमध ती उशिरा आणि कमी पोचते. आपल्याला वाटेल की जिथे ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त. घडतं उलटंच. लोखंड विरघळायला लागतं ते मधोमध, जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन लोखंडातूनच कडेकडे जातात आणि कडेचा ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे एका थेंबाखाली एक छोटी विजेची बॅटरी चालू होते. तिची खाणारी बाजू आत आणि सुरक्षित बाजू काठावर. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून बॅटरी जोरात चालते.

आता थेंबाच्या जागी दोन पत्र्यांमधली फट ठेवा. फटीच्या तोंडाशी हवा आहे, तळाशी ओल आहे आणि हवा नाही. खाल्ला जाणार तो तळ. वरून रंग शाबूत आणि आत पत्रा कागदाएवढा पातळ, असं चित्र त्यामुळेच दिसतं.

आणखी दोन गोष्टी. ॲल्युमिनियमवर चढणारं ऑक्साइड घट्ट बसतं आणि खालच्या धातूला झाकतं. लोखंडाचा गंज सैल आणि सच्छिद्र असतो. तो झाकत तर नाहीच, उलट ओल धरून ठेवतो. शिवाय मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा तो व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात गंज फुगला की जोड उसवतो, स्पॉट वेल्ड तुटतात आणि फट आणखी रुंद होते.

पाणी डोळ्यांना दिसायलाच हवं असंही नाही. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. पत्र्यावर मीठ बसलेलं असेल तर ते हवेतली ओल स्वतःच ओढून घेतं. अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला आणि युद्धानंतर उत्तरेकडच्या राज्यांमध्ये ती रीतच पडली. त्यामुळे त्याच वर्षी बनलेली तीच पिकअप ॲरिझोनात वाढली असेल तर तिचा पत्रा टणक असतो, आणि मिशिगनमध्ये वाढली असेल तर तिच्या केबिनचा तळ हातात येतो. रत्नागिरीची गाडी आणि सोलापूरची गाडी यांतला फरकही याच हिशेबाचा आहे.

३. केबिनमध्ये पाणी कुठे अडतं?

केबिन उभी करून तिच्यावर पाऊस पडतोय असं मनात आणा आणि पाण्यामागे जा.

छतावरचं पाणी दारांवरच्या पन्हळीतून खाली येतं. पुढच्या काचेभोवतीचं रबर कडक झालं असेल तर काही पाणी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरतं. काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे, हवा आत घेणारी एक झडप असते. शेव्हरोलेने या केबिनची जाहिरात 'श्वास घेणारी केबिन' अशी केली होती, आणि हवा आत घ्यायची एक वाट ही झडप. तिचं रबर गेलं की पाणी थेट पायांपाशी पडतं. तिथे रबरी मॅट असते, मॅटखाली तंतूंचं जाड अस्तर. ते भिजलं की आठवडाभर वाळत नाही. खालचा पत्रा आठवडाभर ओल्या चादरीखाली राहतो.

दाराच्या काचेतून आत उतरणारं पाणी दाराच्या तळाशी जातं. तिथे ते बाहेर जायला भोकं असतात. धूळ आणि पानांचा चुरा बसून ती बुजतात आणि दाराचा तळ सडतो.

उरलेलं पाणी दाराखालच्या उंबऱ्यात, म्हणजे रॉकर पॅनेलमध्ये, आणि दारामागच्या खालच्या कोपऱ्यांत जमतं. गॅरेजवाले त्याला नुसतं 'कॉर्नर' म्हणतात. बाहेरून तो गोलाईदार, देखणा पत्रा. आत बंद पोकळी. असा कॉर्नर कापून उघडला की मूठमूठ माती निघते, वर कोरडी आणि तळाशी काळपट ओली, आणि त्या मातीत पत्र्याचे पापुद्रे मिसळलेले असतात. बोटांत दाबले की त्यांचा भुगा होतो. हा कोपरा पाहिल्याशिवाय गंजाबद्दल बोलू नये, असं मला वाटतं.

या गाडीत एक जागा वेगळी आहे. बॅटरी बॉनेटखाली नसते. ती शेजारच्या माणसाच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली असते आणि फरशीतलं झाकण काढून तिच्यात पाणी घालतात. बॅटरीतल्या आम्लाची वाफ वर्षानुवर्षं त्या पत्र्याला लागते. त्यामुळे ड्रायव्हरची बाजू बरी आणि शेजारची बाजू चाळण, असं झालेलं असेल तर नवल वाटायला नको.

४. ठोका, टोचा, चुंबक लावा

गंज मोजायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोके द्यायचे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारायची. मग खालच्या अंगाने, शक्य असेल तिथे, स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन टोचायचं. आत गेलं तर प्रश्नच मिटला.

बाहेरच्या अंगाला फ्रिजवर लावायचं पातळ, लवचीक चुंबक फिरवायचं. पत्र्यावर ते घट्ट बसतं, जाड पुट्टीवर ढिलं पडतं किंवा घसरून खाली येतं. गाडी विकत घेण्याआधी एवढं केलं तरी लाखमोलाची माहिती मिळते. फोड आलेला पत्रा दाखवणारा विक्रेता तुलनेने बरा. नुकताच चकाचक रंग दिलेले खालचे कोपरे पाहिले की खिशातलं चुंबक आधी बाहेर काढावं.

गंज तीन अवस्थांत सापडतो आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. नुसता वरवरचा तांबूस थर असेल तर घासून तो जातो. खड्डे पडले असतील, पण पत्रा अजून जाड असेल, तर खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेलं द्रावण कामाला येतं. ते गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतं, आणि फॉस्फेट पत्र्याला चिकटून बसतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळा शतकं टिकला त्यामागेही त्याच्या लोखंडात जास्त असलेला फॉस्फरस आणि त्यामुळे तयार झालेला फॉस्फेटचा थर हे मोठं कारण मानलं जातं. मात्र हे द्रावण लावल्यावर त्याच्या सूचनेप्रमाणे पत्रा धुऊन वाळवायलाच हवा. आम्ल शिल्लक राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

तिसरी अवस्था म्हणजे पापुद्रे सुटलेला किंवा आरपार गेलेला पत्रा. त्यावर कुठलंही रसायन चालत नाही. रसायन गंजाला थोपवील, पण गेलेलं लोखंड परत आणणार नाही. तिथे कापायलाच हवं.

५. कापण्याआधी

इथे घाई केली की केबिन कायमची वाकडी होते. रॉकर पॅनेल आणि कोपरे दिसायला साधे पत्रे असले तरी दाराची चौकट त्यांच्यावर उभी असते. दोन्ही बाजूंचे रॉकर एकदम कापले तर दाराचे खांब आत-बाहेर सरकतात, आणि नवा पत्रा जोडल्यावर कळतं की दारच बसत नाही. म्हणून दार लावून चारही बाजूंची फट मोजून ठेवायची, मग दार काढून चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाके मारून बसवायचे. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. कापताना केबिन शक्यतो आपल्या चॅसीवर, आपल्या मूळ बैठकीवरच असू द्यावी.

आता जिवाची गोष्ट. १९४९ पासून या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी बसवलेली असते. सडलेला कोपरा तिच्या हाताभरावर. टाकी काढून दूर नेल्याशिवाय ग्राइंडरची एक ठिणगीही उडता कामा नये. 'टाकी रिकामी आहे' हे ऐकून निर्धास्त होणं सगळ्यात घातक, कारण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं आणि भडका उडतो तो त्याचा. बॅटरी, सीट, अस्तर, वायरिंग हेही आधी बाहेर काढायचं.

जुन्या रंगात शिसं असतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, ओला घासा आणि चांगला मास्क लावा. ब्लास्टिंग करायचं तर नदीची वाळू वापरू नका. तिच्यातल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात. छतासारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर तर जोराचं ब्लास्टिंग टाळावंच, माऱ्याने पत्रा ताणला जातो आणि लाटा पडतात. क्लोरीनयुक्त क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंगही करायचं नाही, कारण त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

६. किती कापायचं आणि ठिगळ कसं घडवायचं

भोक जेवढं दिसतं तेवढंच कापायचं नसतं. भोकाभोवतीचा पत्रा घासत घासत बाहेर जायचं, जिथे खड्डे संपून पूर्ण जाडीचा पत्रा लागतो तिथे रेघ. पातळ पत्र्यावर वेल्डिंगचा चाप लागला की तो जळून भोक मोठं होतं. अनेक नवशिके कारागीर भोकामागे धावत राहतात त्याचं कारण हेच.

ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. काटकोनी टोकाला उष्णता साठते, पत्रा तिथे लगेच जळतो आणि पुढे चीरही तिथूनच जाते.

पत्रा किती जाडीचा घ्यायचा? गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा वाढला की पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. आजच्या मोटारींचा बाहेरचा पत्रा बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो. या जुन्या केबिनचा पत्रा त्याहून जाड आहे, म्हणून आपल्याच गाडीच्या चांगल्या भागावर कॅलिपर लावून मोजावं आणि तीच जाडी आणावी. दुकानात 'सीआर पत्रा' मागायचा. जीआय पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेत त्याच्यावरच्या जस्ताचा धूर होतो, आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. जीआय वापरायचाच असेल तर जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढावं.

कोपऱ्यांसारखे गोलाईदार भाग तयार मिळत असतील तर विकत घ्यावेत, पण पूर्ण बसवायचा अट्टहास नको. तयार पत्र्यातला आपल्याला हवा तेवढाच तुकडा कापावा. मूळ पत्रा जितका जास्त वाचेल तितकी केबिनची घडण शाबूत राहते. फरशीचं ठिगळ मात्र घरी सहज घडतं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून बघा, मग तो पत्र्यावर ठेवून रेघा ओढा.

एक छोटा हिशेब करू. ठिगळ २०० मिलिमीटर रुंद हवं आहे आणि एका कडेला २० मिलिमीटरची काटकोनी पट्टी दुमडायची आहे. ही मापं बाहेरून मोजलेली. पत्रा १.२ मिलिमीटरचा. २०० अधिक २० म्हणजे २२० रुंदीचा पत्रा कापला तर दुमडल्यावर तो थोडा मोठा भरतो, कारण दुमडीच्या जागचा पत्रा गोल वळतो आणि दोन्ही बाजूंना मोजला जातो. साध्या काटकोनी दुमडीसाठी जाडीच्या दुपटीएवढी वजाबाकी बहुतेक वेळा पुरते. १.२ च्या दुप्पट २.४. तेव्हा कापायचा पत्रा साधारण २१७.५ मिलिमीटर. दोन जाड अँगलमध्ये पत्रा पकडायचा आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हळूहळू, पूर्ण लांबीभर सारखा दुमडत जायचा.

७. वेल्डिंग, म्हणजे उष्णतेशी व्यवहार

पत्राकामातलं खरं कसब इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

पोलाद तापलं की प्रसरण पावतं. एक अंश तापमान वाढलं की दर मीटरला साधारण ०.०१२ मिलिमीटर. आकडा क्षुल्लक वाटतो. आता ३०० मिलिमीटर लांबीचा जोड घ्या आणि तो सलग वेल्ड करताना आजूबाजूची पट्टी सरासरी ५०० अंशांनी तापली असं धरा. ०.३ मीटर गुणिले ०.०१२ गुणिले ५०० म्हणजे १.८ मिलिमीटर. तेवढी वाढ त्या पट्टीला हवी असते. पण चारही बाजूंचा पत्रा थंड आहे, तो तिला लांब होऊ देत नाही. मग तापून मऊ झालेली पट्टी जागच्या जागी दाबली जाते आणि जाडीत फुगते. थंड होताना ती आकसते, आणि आता तिची लांबी मुळापेक्षा कमी भरते. आजूबाजूचा पत्रा त्या ओढीने गोळा होतो आणि लाट पडते. पत्रा 'तापून वाकला' असं आपण म्हणतो, पण तो खरं तर निवताना आखडलेला असतो.

गोधडी शिवणाऱ्या बाया हे दुखणं फार पूर्वीपासून ओळखून आहेत. एका टोकाकडून सरळ शिवत गेलं तर दुसऱ्या टोकाला कापड गोळा होतं, म्हणून त्या आधी चार कोपऱ्यांत आणि मध्ये लांब लांब कच्चे टाके घालून घेतात. पत्र्याचंही तसंच करायचं. पहिला टाका एका टोकाला, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये, मग उरलेल्या अंतरांच्या मध्ये. प्रत्येक टाका अर्ध्या-एक सेकंदाचा. पत्रा हाताला सोसेल इतका निवला की पुढचा. टाक्यांत बोटभर अंतर राहिलं की दोन टाक्यांमधल्या जागा अशाच उड्या मारत भरायच्या. वेळ लागतो. या कामात वेळ वाचवणारा माणूस पुढे तो वेळ लांबी घासण्यात घालवतो.

यंत्र कोणतं? आपल्या गॅरेजांत ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते पातळ पत्र्यासाठी सोयीचं. ०.६ मिलिमीटरची तार आणि नुसत्या कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन ७५ टक्के व तो २५ टक्के असं मिश्रण वापरलं तर टाका थंड आणि स्वच्छ पडतो. जुने कारागीर गॅस वेल्डिंगने असं काम करायचे आणि काहीजण अजून करतात. त्यात उष्णता जास्त पसरते, पण वेल्ड मऊ राहतो आणि हातोडीने घडवता येतो. सीओटूचा वेल्ड कडक असतो. मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरली तर उष्णता तिच्यात जाते, भोक पडत नाही आणि वेल्ड तांब्याला चिकटतही नाही.

नवा पत्रा जुन्यावर चढवून जोडावा की कडेला कड लावून? चढवून जोडणं सोपं आहे. पण आपण नुकतंच पाहिलं की दोन पत्र्यांमधली फट हेच गंजाचं घर. दिसणाऱ्या आणि पाणी लागणाऱ्या जागी कडेला कड लावावी, मध्ये फार तर पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यातच जिथे एकावर एक पत्रा होता, तिथे मूळ स्पॉट वेल्ड ड्रिलने कापून काढायचे आणि नव्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरायची. तिथे पत्रे एकत्र येण्याआधी दोन्हींना जस्तयुक्त, वेल्डिंग सोसणारा प्रायमर लावायला विसरू नका.

वेल्ड घासतानाही उष्णता होते, म्हणून थांबत थांबत घासा. पत्रा निळा पडला की समजा हात जास्त वेळ रेंगाळला. जोड आखडून खोल गेला असेल तर मागे लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, धरून वरून हलक्या हातोडीने वेल्डवरच ठोकायचं. त्याने दाबला गेलेला धातू पुन्हा पसरतो आणि लाट ओसरते.

८. लांबीला बदनाम का करायचं?

लांबी वाईट नाही. ती कशावर आणि किती भरली यावर सगळं आहे. गाडीची लांबी म्हणजे पॉलिस्टर रेझिन आणि टाल्कसारखी भुकटी. ती ओल शोषते. मागून उघड्या भोकावर भरलेली लांबी मागच्या बाजूने पाणी पिते आणि ते पत्र्याच्या कडेशी धरून ठेवते. सुरुवातीच्या प्रश्नातले दोन पावसाळे इथे संपतात.

म्हणून सलग वेल्ड केलेल्या, आरपार भोक नसलेल्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर. त्यावर लांबी, तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त लागतेय असं दिसलं तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे. मग पुन्हा प्रायमर आणि रंग. साधा प्रायमर मारून गाडी महिनोन्महिने उघड्यावर ठेवू नका. त्यातले बरेचसे प्रायमर सच्छिद्र असतात.

९. न दिसणारी बाजू

वेल्डिंगने आतल्या अंगाचा सगळा प्रायमर जाळून टाकलेला असतो. म्हणजे बाहेरून काम चोख झालं तरी बंद पोकळीत आता उघडं, नुकतंच तापलेलं लोखंड आहे, आणि ते गंजायला जुन्या पत्र्यापेक्षाही तयार आहे. बहुतेक दुरुस्त्या इथे अपुऱ्या राहतात, कारण गिऱ्हाईक हे बघत नाही आणि कारागिराला त्याचे पैसे कुणी देत नाही.

करायचं असं. जोडांवर आतून-बाहेरून सीम सीलर भरायचा, पण तळाची निचऱ्याची भोकं सोडून. कोपरे आणि रॉकर यांच्या पोकळीत लांब नळीच्या फवारणीने कॅव्हिटी वॅक्स मारायचं. ते पातळ असतं, फटीत शिरतं आणि मऊच राहतं, म्हणून तडकत नाही. रंगाचं काम पूर्ण होऊन वाळल्यावरच ते मारावं, कारण मेणावर रंग बसत नाही. तंतूंचं जुनं अस्तर परत घालायचं नाही. त्याऐवजी पाणी न शोषणारं फोमचं अस्तर घ्यावं. काचांची, दारांची आणि पुढच्या झडपेची रबरं नवीच बसवावीत. पंधरा दिवस खपून केलेलं पत्राकाम एका कडक झालेल्या रबरापायी वाया जातं.

शेवटी पाण्याची परीक्षा. सीट आणि मॅट घालण्याआधी एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून वर जात, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळतं. मग केबिनखाली वाकून बघायचं. निचऱ्याच्या प्रत्येक भोकातून पाणी बाहेर पडायला हवं.

गाडी कुठलीही असो, ही भोकं दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पाऊस ओसरल्यावर जाड तारेने मोकळी करा. कोपऱ्यातली माती धुऊन काढा, आणि दर दोन-तीन वर्षांनी मेणाचा फवारा पुन्हा द्या. गॅरेजवाल्याशी बोलतानाही "रंग कुठला मारणार?" याआधी "आतून काय करणार?" हे विचारा, आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या.